पाठमोरे प्रेक्षक

जंगलांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या प्राण्यांनी कबड्डीचे सामने नुकतेच सुरू केले होते, पण बघायला कुणी फिरकत नव्हतं. म्हणून त्यांनी सात जंगलांत गाजलेल्या म्हाताऱ्या हुप्प्या वानराला संघात घेतलं. झालं! नदीपलीकडून हत्ती आले, डोंगरापलीकडून सांबरं आली. माळावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

पहिल्याच चढाईत रानडुकरांनी हुप्प्याला पकडलं. बाद झालेला हुप्प्या रेषेबाहेर जाऊन बसला, तशी सगळी गर्दी मैदानाकडे पाठ करून त्याच्याकडेच बघत बसली.

“काय ऐटदार शेपटी आहे!” सांबर म्हणालं.

हुप्प्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, खेळ तिकडे चाललाय! माझ्याकडे काय बघताय?”

“आजोबा, आम्ही तुमच्यासाठीच एवढ्या लांबून आलो,” हत्ती म्हणाला. “तुम्ही पुन्हा कधी खेळणार?”

“ते माझ्या हातात आहे का? तिकडे ती एवढीशी खार सात डुकरांत एकटी शिरलीय. तिनं एक गडी बाद केला, तरच मला आत जाता येईल. तिला बघा!”

गर्दी एकदाची वळली. पण खार केव्हाच एका डुकराला शिवून रेषेवर परतली होती. धुळीनं माखलेली ती धापा टाकत म्हणाली, “उठा आजोबा, या आत.”

“कसं गं जमवलंस?” हत्तीनं कौतुकानं विचारलं.

खारीच्या आधी हुप्प्याच कडाडला, “तुम्ही इथेच होतात ना?”