महाराजांचा घसरता मुकुट

भर दरबारात महाराजांचा मुकुट पुन्हा घसरला आणि थेट नाकावर येऊन थांबला! सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हसले.

हसायला नको होतं. मी सारजा, राजवाड्याच्या न्हाणीघरात पाणी तापवणारी. त्या दिवशी पंखा धरायला माणूस कमी पडलं म्हणून मला दरबारात उभं केलं होतं. पण माझं तोंड माझं कधी ऐकतच नाही.

“कोण हसलं?” मुकुटाच्या आतून आवाज आला.

“मी, महाराज! पण मुकुटाला हसले, तुम्हाला नाही.”

“आणि मुकुट कुणाच्या डोक्यावर आहे?”

“सध्या तरी नाकावर आहे, महाराज!”

महाराजांनी मुकुट वर सरकवला. डोळे लालबुंद! तो मुकुट त्यांच्या वडिलांचा. वडिलांचे केस दाट, उभार. महाराजांचे मात्र बारीक आणि तेलकट, टाळूला चिकटून बसलेले. मग मुकुट राहणार कशावर?

“दसऱ्याच्या दरबाराला शेजारच्या राजाचा वकील येतोय,” महाराज गरजले. “तोवर हा मुकुट माझ्या डोक्यावर घट्ट बसला पाहिजे! वडिलांच्या मुकुटाला कानस लावायची नाही. आत चिंधी कोंबायची नाही. खोटे केस चालणार नाहीत.”

“म्हणजे तुमचं डोकंच मोठं करायचं?”

“हो! कर! नाहीतर तुझं मुंडण करून तुला वेशीबाहेर काढीन!”

“मुंडण? न्हावी बिचारा वस्तरा घेऊन माझे केस शोधत बसेल, महाराज!”

बोलून तर गेले. मग घरी येऊन आरशासमोर बसले. अंबाडा सुपारीएवढा, पण माझा होता. त्याला मी रोज फूल माळत होते. फूल मोठं दिसायचं, अंबाडा त्याच्यामागे लपायचा, तरी माळत होते.

आणि तो अंबाडा कुरवाळता कुरवाळताच मला सुचलं.

महाराजांचं न्हाणं म्हणजे राजवाड्याची सुगंधी उटणी-तेलं बनवणाऱ्या अच्युतपंतांचा लेप. शिकेकाईत दाट साय, अंड्याचा बलक, बदामाचं तेल, मध! उरलेला लेप आम्हा दासींना मिळे. भाचीच्या लग्नाला मीही तो थापून, नटूनथटून गेले होते. मांडवात विहीणबाई म्हणाल्या, “अगबाई, विहिरीत पडलात की काय?” केस असे चप्प बसले होते, की मागून मी टकली दिसत होते! घरी येऊन नुसत्या रिठ्याच्या पाण्यानं न्हाले, तेव्हा कुठे डोक्यावर केस असल्याचं लोकांना कळलं.

राजाचं आणि माझं एवढंच काय ते सारखं होतं. केस बारीक, तेलकट. ते साय-बलकाचं ओझं काय पेलणार?

दसऱ्याच्या सकाळी मी रिठ्याचं पातळ पाणी घेऊन हजर झाले. अच्युतपंत दारातच आडवे आले!

“राजाच्या मस्तकाला रिठा? साय नाही, तेल नाही? अगं, रिठ्यानं कपडे धुतात!”

“साधे कपडे नाही, पंत. रेशमी शालू धुतात. महाराजांचे केस रेशमी नाहीत, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

पंत दारातून बाजूला झाले. महाराज खूश! पाटावर बसले.

मी बोटांनी टाळू हलके चोळली. मग पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. केस बोटांखाली करकर वाजेपर्यंत ओतत राहिले. शेवटच्या तांब्यात लिंबाचे चार थेंब टाकले.

“आता मान खाली घाला, महाराज. केस उलटे सोडून वाळवायचेत.”

“राजा दासीपुढे मान झुकवत नाही!”

“माझ्यापुढे नकोच, महाराज. घंगाळापुढे झुकवा. ते कुठं बोलत नाही.”

महाराज झुकले. मी पंच्यानं केस टिपले, धुपाच्या शेगडीवर ऊब दिली, बोटांनी मोकळे केले. महाराजांनी मान वर केली आणि अच्युतपंतांचं तोंड उघडंच राहिलं. सावरीचं बोंड फुटावं तसे केस फुलले होते! मुकुट चढवला. चपखल बसला.

दरबार भरला. शेजारच्या वकिलानं मुजरा केला. महाराजांनी मान लववली. माझा हात नकळत अंबाड्यावर गेला. मुकुट जागचा हलला नाही! महाराजांनी उगाचच आणखी एकदा मान लववली. वकील गोंधळला आणि त्यानं पुन्हा मुजरा केला.

दरबार उठल्यावर महाराजांनी मला पुढे बोलावलं. “काय लावलंस माझ्या डोक्याला?”

“काही लावलं नाही, महाराज. होतं ते काढलं. तुमच्या केसांवर सगळा मुदपाकखाना बसला होता. तो उठवला, केस आपोआप उठले!”

“म्हणजे माझा लेप वाईट?” अच्युतपंत कळवळून म्हणाले.

“वाईट कशाला, पंत? राणीसाहेबांचे केस दाट नि कोरडे, त्यांना तो अमृतासारखा. आम्हा दोघांनाच सोसत नाही. मला आणि महाराजांना.”

पंतांचा जीव भांड्यात पडला. पण महाराज माझ्या डोक्याकडे टक लावून बघत होते.

“केसांचं तुला एवढं कळतं, मग तुझा अंबाडा एवढासाच कसा गं?”

सगळा दरबार माझ्या अंबाड्याकडे बघायला लागला. बघायला त्यांना जरा पुढे वाकावं लागलं.

“महाराज,” मी म्हणाले, “झोपलेले केस मी उठवते. जन्मालाच न आलेले कुठून उठवू?”

महाराज पोट धरधरून हसले! मुकुट तरीही जागच्या जागी. हसू आवरत त्यांनी मला न्हाणीघराची मुख्य केलं आणि राणीसाहेबांच्या पेटीतली सोन्याची फणी मागवून स्वतः माझ्या हातात ठेवली.

फणी सुंदर आहे. फक्त तिला दात जास्त आणि मला केस कमी!