नदीपलीकडचा नगारा

फार जुनी गोष्ट, नदीला पूल ठाऊक नव्हता तेव्हाची. नदीच्या दोन काठांना दोन गावं होती. दर उन्हाळ्यात कोरड्या पात्रात ती चेंडू खेळायची, हात न लावता, नुसत्या पायांनी. अकरा गडी इकडचे, अकरा तिकडचे. समोरच्यांच्या दोन बांबूंमधून चेंडू काढेल त्या गावानं नगारा न्यायचा आणि वर्षभर रोज दिवेलागणीला वाजवायचा.

तो नगारा चाळीस वर्षं पलीकडेच होता बरं का!

अलीकडच्या गावात चेंडू शिवणारा येसबा राहायचा. सांजेला नदीवरून नगाऱ्याचा आवाज आला की त्याच्या हातातली आरी थांबायची. तरुणपणी तो एकदाच खेळला होता. शेवटच्या घटकेला चेंडू पात्रातल्या काळ्या दगडावर आपटला आणि उजवीकडे, मोकळ्या बांबूंपुढे येऊन थांबला. तिथं येसबा असता तर नगारा गावात आला असता. पण येसबा बापडा बाकी दहा जणांसारखा चेंडूमागे धावत सुटला होता. कुठं उभं राहायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगणार तरी कोण? सामन्याच्या दिवशी पहाटे देवीला कौल लावायचा, अशी गावाची रीत. ज्याच्या नावाला उजवी पाकळी पडेल तो खेळणार, डावी पडेल तो घरी. आपण खेळणार की नाही हेच आदल्या दिवशी ठाऊक नाही, तर सराव कोण करतो? हरले की कपाळाला हात लावून म्हणायचे, नशिबातच नाही.

शेवटी येसबानं गुरवाला विनवलं, की कौल देवीचाच राहू द्या, पण पुढच्या सामन्याचा कौल वर्षभर आधीच लावा. गावानं नाकं मुरडली. गुरवानं मात्र खूप विचार केला आणि म्हणाला, "देवीला पहाट लागते. कुठल्या वर्षाची, हे तिनं कधी सांगितलेलं नाही."

अकरा गडी येसबाच्या हाती आले. डावखुऱ्याला त्यानं डावीकडे धाडलं, आडदांड तेल्याला आपल्या बांबूंपुढे राखणीला रोवलं. वर्षभर घाम गाळला आणि सामन्यात चेंडू बांबूला आपटून मागे आला. हरले! गाव म्हणालं, बघा, आमची जुनी रीत काय वाईट होती?

येसबा त्या सांजेला ढसाढसा रडला. दुसऱ्या पहाटे नव्या अकरांचा कौल लागला आणि तो पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागला.

या खेपेस राणबा कुंभाराला त्यानं उजवीकडे उभं केलं होतं. चेंडू तिकडे फिरकायचा नाही. राणबा कुरकुरायचा, लोक त्याला बुजगावणं म्हणायचे, पण येसबा त्याला जागा सोडू देईना.

सामना बरोबरीत चालला होता. ऊन कललं. चेंडू काळ्या दगडावर आपटला आणि उजवीकडे वळला. राणबा तिथंच उभा होता. त्यानं पाय उचलला आणि चेंडू बांबूंच्या पार गेला.

लोक नाचायला लागले. नशीब उघडलं, म्हणाले.

"नशीबच ते," येसबा म्हणाला. "माझ्या वेळीही ते याच दगडावरून आलं होतं. तेव्हा जागेवर कुणी नव्हतं."

दिवेलागणीला नगारा गावात वाजला. येसबा एकटाच काठावर जाऊन बसला. त्याच्या वेळच्या अकरांपैकी सात जण वाट बघत बघत गेले होते. त्यांना हा आवाज एकदा तरी ऐकवायचा होता. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हातारं माणूस कान देऊन उभं होतं. येसबानं त्याला हात जोडले.

तेव्हापासून त्या गावात कौल वर्षभर आधी लागतो.

दैव दारी येतं, पण त्याला घरात घ्यायला माणूस आपल्या जागेवर लागतो.