लाल दिव्यावरची पट्टी

एकदा एका खाडीच्या काठी एक तरुण राहत होता आणि त्याला आयुष्यात एकच चित्रपट करायचा होता. त्यात नट नकोत, गाणी नकोत, कुणा निर्मात्याची मेहेरबानीही नको. एक होडी, तिच्यावरचा एक माणूस आणि धुकं, एवढंच त्याला जगाला दाखवायचं होतं.

तो माणूस म्हणजे लवू तांडेल. खाडीच्या अलीकडच्या काठाला गाव आणि पलीकडे शाळा, आणि दोहोंच्या मध्ये लवूची होडी. थंडीच्या दिवसांत पहाटे पाण्यावर असं दाट धुकं उतरे की होडीचं एक टोक दुसऱ्याला दिसत नसे. हा तरुण तेव्हा शाळकरी पोर होता. बिनबापाचं ते पोर दप्तर पोटाशी धरून होडीच्या तळाशी बसून राही. समोर फळीवर लवूचे अनवाणी पाय असत. वेळूची काठी पाण्यात शिरे, निथळत वर येई, पुन्हा शिरे. आणि वर कुठून तरी आवाज येई, "भिया नको रे झिला, मी आसंय." लेकाला हाक मारावी तशा त्या आवाजाच्या भरवशावर पोर रोज पलीकडे पोचत होतं. पुढे ते मोठं झालं, शहरात जाऊन सिनेमाची विद्या शिकून आलं, तरी डोळे मिटले की ते धुकं त्याच्याभोवती जमा होई.

धक्क्याजवळ एक वृद्ध छायाचित्रकार राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी उमेदीची वर्षं चित्रपटांच्या कॅमेऱ्यामागे घालवली होती आणि अजूनही घराबाहेर पडताना तळहात उलटा करून त्यावर ऊन कसं पडलंय ते पाहत. तरुणाने त्यांना गुरू मानलं होतं. गुरूचं म्हणणं एकच असे, "सुरू कर." आणि शिष्याचंही उत्तर ठरलेलं असे, "करतो अण्णा, फक्त एक वस्तू यायची आहे."

वस्तू येत राहिल्या. आधी कॅमेरा आला. मग होडीत हात थरथरेल म्हणून कॅमेरा स्थिर धरणारा गिम्बल आला. पाण्यावरची चकाकी मारायला फिल्टर आले, संध्याकाळसाठी दिवे आले, तिपाई आली, आणि वरून खाडी दाखवायला ड्रोनही आला. त्या ड्रोनने पहिल्याच दिवशी खाजणाच्या चिखलातले सगळे बगळे उठवून दिले आणि गावातल्या बायकांनी त्याला शिव्या घातल्या. प्रत्येक वस्तू खरोखरच उपयोगाची होती, हीच तर पंचाईत. निरुपयोगी वस्तूचा मोह माणूस टाळू शकतो; उपयोगी वस्तू मात्र त्याला मांडीवर घेऊन थोपटत बसते. शिष्य रात्रंदिवस त्यांची माहिती वाचत राही आणि स्वप्नात त्याचा चित्रपट अधिकाधिक सुंदर होत जाई.

इकडे त्याच्या खोलीत पिशव्या वाढत होत्या आणि तिकडे खाडीत पुलाचे खांब. एके सकाळी धक्क्यावर फलक लागला की उद्या पुलाचं उद्घाटन आहे आणि तेव्हापासून होडी बंद.

शिष्य सगळ्या पिशव्या अंगाखांद्यावर लटकवून धावत अण्णांच्या दारात उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"अण्णा, आजचाच दिवस आहे. आज नाही जमलं तर संपलं. ती होडी पुन्हा चालायची नाही."

अण्णांनी त्याला आधी पाणी दिलं. मग त्याच्या खांद्यावरून एकेक पिशवी उतरवून त्यांनी पडवीत मांडून ठेवली. शेवटी शिष्याच्या हातात फक्त कॅमेरा उरला, आणि लवूच्या गळपट्टीला अडकवायचा बोटाच्या पेराएवढा माइक. तोही त्यांनी स्वतःच पिशवीतून शोधून काढून दिला.

नंतर त्यांनी जे केलं त्याचा अर्थ शिष्याला लागला नाही. त्यांनी खणातून काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं काढलं, एक तुकडा दाताने तोडला आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेल्या लाल दिव्यावर चिकटवला. दुसरा तुकडा त्यांनी मागच्या पडद्याच्या कोपऱ्यावर लावला, जिथे चित्रीकरण चालू असताना लाल ठिपका दिसतो तिथे.

"अहो अण्णा! मग कॅमेरा चालू आहे की बंद, हे मला कळायचं कसं?"

"बटण तुझ्याच बोटाखाली आहे ना? एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. जा आता. भरती लागली."

शिष्याला राग आला होता. पण गुरूसमोर पट्टी ओरबाडून काढायची त्याची छाती झाली नाही, आणि वाटेत काढायला वेळ नव्हता.

होडीत पाय टाकता टाकता त्याने उतावीळपणे बटण दाबलं. तेवढ्यात होडी हेलकावली, तो फळीवर आदळला, लवूने त्याचं मनगट धरून त्याला बसवलं, आणि आपण बटण दाबलं होतं हे तो साफ विसरला. मग त्याने लवूच्या सदऱ्याला माइक लावला, कॅमेरा डोळ्यासमोर धरला आणि पुन्हा बटण दाबलं.

तो दिवस स्वप्नासारखा गेला. सकाळचं धुकं उन्हं वर आली तरी पाण्यावर रेंगाळत होतं. माणसं शेवटचं म्हणून मुद्दाम होडीत बसायला येत होती आणि उतरताना होडीच्या काठाला हात लावून नमस्कार करत होती. शिष्य भारल्यासारखा काम करत होता.

"लवूकाका, थोडं थांबा. वेळू पुन्हा एकदा पाण्यात टाका. नाही, जरा सावकाश. आता पुलाकडे पाहा. हसू नका, कृपया हसू नका."

लवू बिचारा जसं सांगतील तसं करत होता. शाळेच्या फोटोत मुलं उभी राहतात तसा तो ताठ उभा राहत होता. मनासारखी चौकट मिळाली की शिष्य बटण दाबी, कॅमेरा मांडीवर ठेवी, आणि दोघेही श्वास सोडत.

"जेवलंस काय रे?" मग लवू विचारी.

"खयचा जेवण काका, सकाळपासून धावतंय."

"तर मगे ह्या घावणा घे. तुझ्या काकीन दिल्यान हत. तुझी आवस बरी आसा मा?"

तांदळाची घावणं खाता खाता शिष्य आईची खुशाली सांगत राहिला, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "काका, उद्या काय करतलात?"

लवूने वेळू पाण्यात रोवला आणि बराच वेळ तो वर काढलाच नाही. होडी आपसूक वाहत राहिली.

"उद्या? पहाटे जाग येतलीच. भरती-सुकती अंगात बसली हा. पण उठूचंय नाय. डोळे मिटान पडान रवतलंय. उठलंय तर तुझ्या काकीक कळतला, माका करमणा नाय म्हणान. मगे ती रडतली."

शिष्याने हातातला घास खाली ठेवला. अरे देवा, हे कॅमेऱ्यात यायला हवं होतं! त्याने हात पुसून घाईघाईने कॅमेरा उचलला, बटण दाबलं आणि म्हणाला, "लवूकाका, तुम्ही आत्ता जे म्हणालात ते पुन्हा एकदा सांगाल का?"

लवूने घसा खाकरला, सदरा नीट केला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "मी अनेक वर्षे या खाडीत लोकांची सेवा केली. याचा मला अभिमान वाटतो."

दुसऱ्या दिवशी पुलावर फिती कापल्या गेल्या, फटाके वाजले, आणि शिष्य अण्णांच्या खोलीत खिडक्या लावून संगणकासमोर बसला.

पडद्यावर होडीचा तळ आला. फळीवरच्या भेगा, तळाशी साचलेलं पाणी, आणि त्या पाण्यात हलणारा आभाळाचा एक तुकडा. मग लवूचे पाय. मग शिष्याचाच गुडघा. मग पुन्हा पाय, आणि त्यांच्यामागे निथळणारी काठी. मग चौकट वर उचलली जाऊ लागे, पाण्याची रेषा दिसू लागे, आता लवूचा चेहरा येणार, इतक्यात चित्र तुटे. पुन्हा तळ, पुन्हा पाय.

शिष्य पुढे पुढे पाहत गेला. पहिल्या त्या विसरलेल्या बटणापासून सगळं उलटं झालं होतं. कॅमेरा डोळ्यासमोर धरला तेव्हा तो बंद होता, आणि मांडीवर ठेवला तेव्हा चालू होता. दिवसभर रचलेली एकही चौकट उतरली नव्हती.

तो तोंड झाकून रडला. मग उसळून म्हणाला, "तुमच्या त्या पट्टीने घात केला, अण्णा! दिवा दिसता तर मला तिथल्या तिथे कळलं असतं. आता कुठून आणू मी तो दिवस?"

अण्णांनी मान खाली घातली. "पट्टी मी लावली, हे खरं. तू उलटं दाबत बसशील, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. तो दोष माझाही आहे." मग म्हणाले, "एकदा पुन्हा लाव. आता आवाज मोठा कर. तू नुसतं चित्र पाहत होतास."

शिष्याने अनिच्छेने आवाज वाढवला. तो इवलासा माइक दिवसभर लवूच्या छातीशी होता. खोलीत लवूचा श्वास भरला, वेळूवरून ओघळणारं पाणी ऐकू आलं, आणि मग, "जेवलंस काय रे?" पडद्यावर धुकट पाणी हलत होतं, पाय फळीवर घट्ट रोवलेले होते, आणि तो आवाज वरून, कुठून तरी, येत होता.

अण्णांनी हात पुढे करून आवाज थोडा कमी केला. "दिवा का झाकला, हे तुला कळलं नव्हतं ना? लाल दिवा लागला की समोरचा माणूस पुतळा होतो, हे मी जन्मभर पाहिलंय. म्हणून झाकला. पण आज हे ऐकून कळलं की दिवा झाकूनही भागत नाही, कारण तो आपल्या मनात लागतो. चित्र तुटता तुटता नीट ऐक, कॅमेरा वर नेलास की तू त्याला हुकूम सोडू लागत होतास. तुझी बोलीसुद्धा पालटत होती. मांडीवर ठेवलास की तू त्याच्या गावचा, त्याच्या होडीतला झिल होत होतास. मग तो तुझ्याशी बोलत होता. वस्तूंवर माझा राग नाही रे. त्या माइकनेच तर आज आपल्याला तारलं. पण वस्तू हातात आल्या की माणसाकडे पाहायचं काम त्यांच्यावर सोपवून आपण मोकळे होतो."

"पण अण्णा," शिष्य डोळे पुसत म्हणाला, "यात काकांचा चेहरा एकदाही नाही."

"धुक्यात तळाशी बसायचास तेव्हा तरी कुठे दिसायचा?"

शिष्य पडद्यावरच्या पायांकडे पाहत राहिला, आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं जे दाखवायचं म्हणून तो वस्तू जमवत होता, ते त्याच्यासमोर चाललं होतं.

त्याने ते सारं जोडलं. फारसं काही कापलं नाही. पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी अण्णांच्या पडवीत पांढरी चादर टांगली, आणि लवू व त्याची बायको धुतलेले कपडे घालून पाहायला आली. लवू स्वतःचे पाय पाहून आधी लाजला. "अरे, तोंड खय गेला माझा?" म्हणून हसलाही. काकी मात्र हसली नाही. तिने पदर हनुवटीशी धरला होता.

चादरीवर वेळू पाण्यात रोवला गेला आणि होडी वाहू लागली. लवूचा आवाज पडवीभर घुमला. पण उठूचंय नाय. डोळे मिटान पडान रवतलंय.

काकीने सावकाश मान वळवली.

"म्हणजे रोज पहाटे तुमी जागेच आसतात?"

लवू चादरीकडे पाहत राहिला. मग अपराध्यासारखं म्हणाला, "तुका त्रास नको म्हणान."

"मी पण जागीच आसतंय," काकी म्हणाली. "तुमची झोप मोडात म्हणान हलणंय नाय."

लवूने तिच्याकडे पाहिलं. तो खुदकन हसला, आणि काकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "उद्या उठाया," तो म्हणाला. "चाय करतलंस?" काकीने मान डोलावली. चादरीवर होडी अजून वाहत होती, पण आता तिच्याकडे त्या दोघांचं लक्ष नव्हतं.

शिष्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा तळहात उलटा करून त्यावर चादरीवरून परतणारा उजेड निरखत बसले होते.

आपल्या मनातला दिवा कधी लागतो ते आपल्याला कळतही नाही. तेव्हा समोरच्याला काही सांगायला लावण्याआधी, तो जेवला का, एवढं विचारून घ्यावं.