पाटाच्या टोकाचं पाणी

ऐका बायांनो, ऐका पोराबाळांनो! फार फार वर्षांपूर्वी बोरपाट गावात कौतिकमायनं एक व्रत घेतलं होतं. उपासाचं नाही, उद्यापनाचं नाही. तिनं नदीची ओटी भरली, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाली, "माये, गावानं तुझी राखण माझ्या हाती दिली. आजपासून कुणाच्या घरचं पाणी पिणार नाही. पाटाच्या टोकाला जे पोचेल, तेच पिईन."

कौतिकमाय होती पाटकरीण. बंधाऱ्याचं पाणी पाटानं शेतोशेत जायचं. पाटाच्या कडेला प्रत्येक शेताचं एक दार, फोडलं की पाणी शेतात, चिखलानं बुजवलं की पुढं. ज्याची पाळी त्यालाच ते मिळतं ना, हे ती बघायची. अगदी टोकाला धुडकूचं शेत. तिथं पोचलं, म्हणजे सगळ्यांना पोचलं. बाया म्हणायच्या, "माय, घोटभर ताक तरी घे!" ती हसायची. "तुझं ताक प्यायले, तर उद्या तुझ्या शेताचं दार बुजवताना माझा हात जड होईल गं!"

एका उन्हाळ्यात रायभान पाटलानं पाळी नसताना आपल्या उसाला पाणी फोडलं. कौतिकमायनं भर दुपारी, पाटलाच्या देखत, चिखल दाबून ते दार बुजवलं! पाटलानं तिला ओट्यावर बोलावलं.

"आजपासून तू पाटकरीण नाहीस. माझा मेहुणा बघेल पाणी."

"गावानं नेमलंय, पाटील. काढायचं तर गावानं काढावं."

"गाव म्हणजे कोण? मीच की!"

ओट्यावरचे सगळे खदखदून हसले. मेहुणा मिशीला पीळ देत म्हणाला, "दाजी म्हणतील तिकडं पाणी वाहील!" आणि खरंच तसं वाहू लागलं. पाटलाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही चार वाफे जास्त भिजवायला मिळाले, म्हणून तेही गप्प बसले.

टोक कोरडं पडलं. कौतिकमाय धुडकूच्या बांधावर जाऊन बसली. ओठ फुटले, डोळे खोल गेले. धुडकू नदीवरून घागर घेऊन धावत आला.

"पाटानं आलं का रे हे?"

"नाही माय. पण तू मरशील गं!"

"मी प्यायले, तर सगळे म्हणतील, पोचलं की पाणी."

आणि मग, असं म्हणतात, गावातली तहान शमेनाशी झाली! घागरी रित्या व्हायच्या, पण घसा कोरडाच. मेहुण्यानं अख्खा रांजण संपवला, तरी ओरडतोय, "दाजी, पाणी!" शेवटी पाटलीणबाई उठली. व्रतवैकल्यांची बाई ती, तिला बरोबर उमगलं. "अहो, ही तहान आपली नाही. ही तिची आहे!"

तिनं पदर खोचला, अनवाणी शेतावर गेली आणि पाटलाच्या शेताचं दार स्वतःच्या हातांनी बुजवलं. तिला बघून शेजारणीनं आपलं बुजवलं, तिचं बघून तिसरीनं. एकेक दार बंद होत गेलं, आणि निघालं की हो पाणी! असं म्हणतात, ते घोड्यासारखं उधळलं. पुढं पाणी, मागं बाया, त्यांच्या मागं सारं गाव!

पाणी थेट कौतिकमायच्या पायांशी आलं. तिनं पहिली ओंजळ धुडकूला दिली. दुसरी भरली, पण प्यायली नाही. "आता सगळे आहात," ती म्हणाली. "काढायचं असेल तर आता काढा."

सगळ्यांनी मागं वळून पाटलाकडं बघितलं. शेवटी मागून पाटील आला, गुडघ्यांवर बसला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माय, तूच राख."

ती प्यायली. असं म्हणतात, त्याच घोटासरशी साऱ्या गावाची तहान शमली.

आजही बोरपाटचा पाटकरी टोकावरच नेमतात. त्याला काढायचं झालं तरी सारं गाव टोकावर जमल्याशिवाय काढता येत नाही. नेमणुकीच्या दिवशी पहिली ओंजळ टोकाच्या शेतकऱ्याची, सरपंचाची सगळ्यांत शेवटी.

तर बायांनो, कौतिकमायचं व्रत तुम्हीही घ्या. तुमच्या गावातल्या राखणदाराला चहापाण्यानं मिंधा करू नका. आणि कुणी त्याला ओट्यावरून काढायला निघालं, तर पदर खोचा, आधी आपल्या शेताचं दार बुजवा, आणि टोकाकडे चालू लागा.