पाठ फिरवून बसलेला पहारेकरी

ओढ्याला बारमाही पाणी असायचं, त्या काळची गोष्ट. काठच्या बाभळीवर सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहायचा. सगळे खाली किडे टिपायचे तेव्हा एक जण शेंड्यावर बसून पहारा द्यायचा. त्याच्या डोळ्यांच्या भरवशावर अख्खा थवा जेवायचा.

एकदा पहारा तरण्या भुरक्याकडे होता. पण ओढ्यापलीकडच्या थव्यातली सावनी समोरच्या काठावरच्या झाडावर येऊन बसली, आणि भुरका तिच्याकडेच बघत राहिला. मागून शिक्रा झेपावला. सावनीनेच पलीकडून ओरडून सावध केलं. सगळे वाचले, पण भुरक्याच्या जिवलग दोस्ताची, डबऱ्याची, शेपटीची पिसं गेली.

"तुझ्या जागी मी असतो तर मीही तिच्याकडेच बघितलं असतं," डबऱ्या म्हणाला. भुरक्याला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पहारा मागून घेतला आणि सावनीकडे पाठ करून बसला. तिने हाका मारल्या. तो वळला नाही.

थोड्या वेळाने फांदी हलली. सावनी ओढा ओलांडून आली होती. त्याच्या पाठीला पाठ लावून बसत ती म्हणाली, "तू तिकडे बघ. ओढ्याकडचं मी बघते."

खाली डबऱ्याने दोन गलेलठ्ठ अळ्या बाजूला काढून ठेवल्या.