रिकाम्या खुर्चीचा मान

विधानसभेच्या जुन्या सभागृहातली घंटा कोंडाजीने पहिल्यांदा ऐकली, तेव्हा तो तिथे नवा शिपाई होता. घंटा झाली की अध्यक्ष आत आपल्या खुर्चीकडे येत आणि सगळे उठून उभे राहत. पुढे राजधानीत नवी इमारत झाली, घंटेची तारही काढून नेली, आणि कोंडाजी लोकांना जुनी इमारत दाखवू लागला. तरी घंटा अधूनमधून वाजायचीच. तेव्हा तो पाहुण्यांना हळूच म्हणायचा, "उठा, बाबांनो."

हे ऐकून सचिव दिघेसाहेब तपासणीला आले. त्यांची हयात सभागृहात गेलेली. पुढच्याच बाकावर ते ऐसपैस बसले.

"रिकाम्या खुर्चीसाठी लोकांना उठवतोस म्हणे? कोण येतं रे तिथं? सांग, नाहीतर उद्यापासून लोकांना दार बंद, आणि तूही घरी."

कोंडाजी तोंड उघडणार तोच घंटा वाजली. साहेब ताडकन उठून उभे राहिले.

"नाव मला ठाऊक नाही, साहेब," कोंडाजी सावकाश म्हणाला. "तुम्ही आत्ता ज्यांच्यासाठी उठलात, तेच येतात."

समोरची रिकामी खुर्ची कुरकुरली, कुणी टेकल्यासारखी. साहेब दारापर्यंत गेले, वळले, रीतीप्रमाणे खुर्चीपुढे मान लववली आणि निघून गेले.