राणी कुंदलतेच्या तीन खुणा

एका राज्यात, जिथली नदी वर्षातून एकदा डोंगर चढून उगमाला भेटून येई, तिथे कुंदलता नावाची राणी एकटी राहत होती. राजा सीमेवर गेला होता. तो गेला त्याच आठवड्यात कालजिव्ह नावाचा मांत्रिक आला आणि त्याने खजिन्याची किल्ली मागितली. राणीने दिली नाही. मांत्रिक म्हणाला, "आजपासून तुझ्या तोंडाकडे कोणी पाहणार नाही."

तसेच झाले. दासी ताट ठेवीत आणि खाली बघून जात. आरशातही तिला मागची भिंत तेवढी दिसे. असे दोन महिने गेले.

मग राणीला सकाळी उठताच मळमळू लागले. दुपारी बसल्या जागी डोळे मिटत. लघवीला वारंवार उठावे लागे. तिने पडद्याआडून राजवैद्याला सांगितले. त्याने नाडी पाहिली नाही, चेहरा पाहिला नाही. मांत्रिकाने विष घातले असावे, असे ठरवून तो म्हणाला, उद्या दुपारी काढा पाठवतो, पोटात असेल नसेल ते सगळे पडून जाईल.

राणीच्या सज्जाशी एक जुना उंबर होता. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला लिंपून अंड्यांवर बसली होती. फटीतून तिची चोच तेवढी बाहेर दिसे. ती म्हणाली, "मी आपण होऊन कोंडून घेतलंय, बाई. तुझं काय?"

राणीने सगळे सांगितले. मादी म्हणाली, "काढा घेण्याआधी तीन कामं कर."

पहिले काम खांबापाशी. दर महिन्याला दूर बसायची वेळ आली, की राणी तिथे काजळाचा ठिपका देई. तिने पाहिले. दोन ठिपक्यांची जागा कोरी होती. काळजीने लांबले असेल म्हणून तिने मनावरच घेतले नव्हते.

दुसरे काम मुदपाकखान्याच्या दाराशी. हिंगाची फोडणी तिला फार आवडे. आज वास येताच ती तोंडाला पदर लावून पळाली.

तिसरे काम पेटीतली लग्नाची चोळी. ती छातीला घट्ट होत होती आणि नुसत्या स्पर्शाने दुखत होते.

राणीने परत येऊन तिन्ही खुणा सांगितल्या. मादी म्हणाली, "काळजीनेही पाळी लांबते, पित्तानेही मळमळते. एका खुणेवर जाऊ नये. पण सगळ्या एकत्र आल्यात. सुईणीला दाखव. आणि तोवर तो काढा ओठाला लावू नको."

राणी खाली बसली. त्या राज्यात सून दिवस गेल्याचे आपल्या तोंडाने कधी सांगत नसे. घरातली जाणती बाई चेहरा पाहून ओळखी आणि तीच चारचौघांत सांगे. राणीला सासू नव्हती, आणि चेहरा पाहणारे कोणीच नव्हते.

"माझ्याकडे कोण पाहील?" तिने विचारले.

"शाप चेहऱ्याला आहे. आवाजाला नाही," मादी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राणी भर दुपारी चौकात उतरली. वैद्य काढ्याचा पेला घेऊन उभा होता. म्हातारी सुईण रखमाई जोत्यावर सुपारी कातरत होती. राणीने पेला घेतला आणि जमिनीवर ओतला. सगळे खाली बघत राहिले. तिने रखमाईचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला.

"रखमाई, मला दिवस गेलेत. मीच सांगते आहे."

चौकात कोणी तरी हसू दाबले. असे कोणी ऐकले नव्हते. रखमाईने दुसऱ्या हातातला अडकित्ता खाली ठेवला. तिने मान वर केली. मग दासींनी केली, मग वैद्याने, आणि त्याने लाजून पुन्हा खाली घातली. शाप तुटला तसा दूर रानात कालजिव्हाचा दंड मधोमध दुभंगला, त्याचे मंत्र तो विसरला आणि लाकडे तोडून पोट भरू लागला. राजाला निरोप गेला.

रखमाईने राणीला आत नेऊन तपासले, पापणी ओढून पाहिली, दिवस विचारले. "पुरते दोन महिने झालेत," ती म्हणाली. "किती वाळलीस गं. काय खावंसं वाटतं तुला?"



"काहीही चालेल," राणी म्हणाली. "मी जेवेन तोवर तू समोर बस."